एट माईल रोडच्या अलीकडून

निवडणुकीच्या वर्षी उन्हाळा लागला की मिशिगनमध्ये टपालपेट्या जड व्हायला लागतात. जाड, गुळगुळीत कागदाची पत्रकं रोज दोन-तीन येतात. पुढे उमेदवाराचा हसरा चेहरा, शेजारी कुटुंब किंवा कुत्रा. मागे चार चौकटी : आरोग्य, रोजगार, शिक्षण, नागरी हक्क. काँग्रेससाठी, म्हणजे इथल्या संसदेसाठी, उभ्या असलेल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या कुठल्याही दोन उमेदवारांच्या चौकटी आपसात बदलल्या तरी छापखान्याशिवाय कुणाला पत्ता लागणार नाही.

आमच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र एका उमेदवाराची पत्रकं न वाचताच पुढे पाठवली जातात. बेळगावात वाढलेले, मुंबई विद्यापीठातून एम.एस्सी. झालेले, १९७९ मध्ये अमेरिकेत आलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये डेट्रॉईटमधून काँग्रेसवर निवडून आले. ‘श्री’ हे त्यांचं नाव आहे, उपाधी नव्हे. त्यामुळे आदराने लिहायचं तर ‘श्री. श्री ठाणेदार’ असं लिहावं लागतं आणि वाचणाऱ्याला वाटतं टायपिंग चुकलं. कर्जात बुडून पुन्हा उभा राहिलेला रसायनशास्त्रज्ञ-उद्योजक, मराठीत आत्मचरित्र लिहिणारा माणूस, थेट अमेरिकेच्या संसदेत. अभिमान वाटणं साहजिक आहे, मलाही वाटला. पण त्या ग्रुपवरच्या किती जणांना ठाणेदारांना मत देता येतं, हे एकदा मोजून पाहिलं, तर एकालाही नाही. आम्ही सगळे नोव्हाय, ट्रॉय, फार्मिंग्टन हिल्स अशा उपनगरांत राहतो. त्यांचा तेरावा मतदारसंघ म्हणजे डेट्रॉईट शहराचा मोठा भाग आणि त्याला लागून असलेली काही गावं. मध्ये एट माईल रोड नावाचा रुंद रस्ता आहे. डेट्रॉईटची हद्द तिथे संपते आणि आमची सुरू होते.

तो रस्ता ओलांडून पाहिलं, तर पत्रकावरच्या चार चौकटी चार वेगळे विषय राहत नाहीत. अमेरिकेत माणसाला औषध मिळणार का, हे त्याची नोकरी ठरवते. नोकरी कुठली मिळणार, हे शाळा ठरवते. शाळा कशी असणार, हे घर कुठल्या हद्दीत आहे त्यावर ठरतं. आणि घर कुठल्या हद्दीत घेता आलं, हे बऱ्याच अंशी आजोबांच्या कातडीच्या रंगाने ठरवून ठेवलेलं आहे. एकाच दोरीच्या या गाठी. उमेदवार चारही चौकटींत गोड बोलतो, पण गाठ सोडवायची कुठून ते सांगत नाही, आणि आपण विचारतही नाही, कारण आपण आडनाव वाचून खूश झालेलो असतो.

आरोग्याची गाठ तर याच गावात घट्ट झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ मध्ये, सरकारने पगारवाढीवर बंधन घातलं. कामगार टिकवायला कंपन्यांकडे पगार वाढवण्याची सोय उरली नाही, तेव्हा त्यांनी विमा द्यायला सुरुवात केली. पुढे करात सवलत मिळाली आणि ही तात्पुरती सोय कायमची झाली. वाहन कामगारांच्या संघटनेचे नेते वॉल्टर रूथर यांना खरं तर सगळ्या देशासाठी सरकारी विमा हवा होता. तो मिळेना, म्हणून १९५० मध्ये त्यांनी जनरल मोटर्सबरोबर पाच वर्षांचा करार केला. त्यात निवृत्तिवेतन होतं आणि आरोग्यविम्याचा अर्धा खर्च कंपनीने उचलायचा होता. ‘ट्रीटी ऑफ डेट्रॉईट’ म्हणून तो गाजला. कामगाराच्या घरात सुबत्ता आली, पण घरातल्या डॉक्टरची किल्ली कारखान्याच्या फाटकाला अडकवली गेली.

मग फाटकंच बंद होऊ लागली. १९५० मध्ये डेट्रॉईटची लोकसंख्या साडेअठरा लाख होती. २०२० च्या जनगणनेत ती सहा लाख एकोणचाळीस हजार भरली. २००९ मध्ये जनरल मोटर्सने दिवाळखोरी जाहीर केली, २०१३ मध्ये खुद्द शहराने. शहराच्या दिवाळखोरीत महापालिकेच्या निवृत्त कर्मचाऱ्यांच्या आरोग्यविम्यावर मोठी कात्री चालली. आयुष्यभर बस चालवलेल्या, आगी विझवलेल्या माणसांना म्हातारपणी सांगण्यात आलं की ते वचन दिलं होतं खरं, पण आता जमत नाही.

नोकरीला बांधलेल्या विम्याचा अनुभव एट माईल रोडच्या अलीकडेही येतो, फक्त त्याबद्दल आम्ही हळू आवाजात बोलतो. वाहन उद्योगात ले-ऑफची लाट आली की शुक्रवारी दुपारी एखाद्याचा लॅपटॉप बंद पडतो. एच-वन-बी व्हिसा असेल तर देशात राहायला साठ दिवस. विमा चालू ठेवायचा तर कोब्रा नावाची सोय आहे. त्यात कंपनीचा वाटाही आपणच भरायचा, वर दोन टक्के. २०२५ मध्ये नोकरीतून मिळणाऱ्या कुटुंबाच्या विम्याचा सरासरी वार्षिक प्रीमियम सत्तावीस हजार डॉलरच्या घरात होता. नोकरी असताना त्यातला मोठा हिस्सा कंपनी भरते म्हणून तो आकडा आपल्याला दिसत नाही. दिसतो तो नेमका पगार थांबल्यावर. नोकरी गेलेल्याच्या घरी आम्ही डबे पोहोचवतो, रेझ्युमे पुढे पाठवतो आणि वर म्हणतो, ‘होईल काहीतरी.’ पत्रकावरची आरोग्याची चौकट आपलीच आहे, असं तेव्हाही कुणाच्या मनात येत नाही.

याच भागातल्या दोन खासदारांनी ही गाठ सोडवायचा धोशा लावला होता. जॉन डिंगेल यांच्या वडिलांनी १९४३ मध्ये राष्ट्रीय आरोग्यविम्याच्या विधेयकावर नाव घातलं. १९५५ मध्ये वडिलांच्या जागी आलेला मुलगा प्रत्येक नव्या काँग्रेसमध्ये तसं विधेयक मांडत राहिला. १९६५ मध्ये मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांसाठीचा सरकारी विमा, मंजूर झालं तेव्हा प्रतिनिधिगृहाच्या अध्यक्षस्थानी तेच बसले होते. दुसरे जॉन कॉन्यर्स. १९६५ पासून २०१७ पर्यंत त्यांनी डेट्रॉईटचं प्रतिनिधित्व केलं आणि २००३ मध्ये सगळ्यांना मेडिकेअर देणारं विधेयक आणलं. शेवटी लैंगिक छळाच्या आरोपांमुळे त्यांना राजीनामा द्यावा लागला, तेही विसरून चालणार नाही.

ठाणेदारांनी २०१८ मध्ये राज्यपालपदाच्या प्राथमिक, म्हणजे पक्षांतर्गत, फेरीत सगळ्यांसाठी एकाच सरकारी विम्याचा, एकछत्री विम्याचाच झेंडा धरला होता. प्रतिस्पर्धी अब्दुल एल-सईद यांनीही. ग्रेचेन व्हिटमर यांनी असलं वचन दिलं नाही आणि त्याच जिंकल्या. ठाणेदार राज्यात तिसरे आले, मात्र डेट्रॉईट शहरात पहिले. आता गंमत बघा. या तिघांपैकी तोवर प्रत्यक्षात लोकांना विमा मिळवून देण्यात हात होता तो व्हिटमर यांचा. २०१३ मध्ये त्या राज्याच्या सिनेटमध्ये विरोधी पक्षनेत्या होत्या आणि मेडिकेडचा, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी विम्याचा, विस्तार २० विरुद्ध १८ मतांनी मंजूर झाला. राज्यपाल रिपब्लिकन, सभागृह रिपब्लिकन; स्वतःच्या पक्षाची बाराही मतं आणि समोरची आठ अशी मोट बांधावी लागली. त्यातून सहा लाखांहून अधिक लोकांना विमा मिळाला. म्हणून वचन छोटं असावं, असं मला म्हणायचं नाही. मला स्वतःला एकछत्री विमाच योग्य वाटतो, कारण नोकरीची आणि औषधाची फारकत दुसऱ्या कशाने होईल असं दिसत नाही. पण उमेदवाराला ‘तुमची भूमिका काय’ एवढं विचारून भागत नाही. समोरची आठ मतं कुठून आणणार, हाही प्रश्न विचारायला हवा.

एका मताची किंमत २२ मे २०२५ च्या पहाटे कळली. मेडिकेडमध्ये मोठी कपात करणारं ट्रम्प प्रशासनाचं अवाढव्य विधेयक प्रतिनिधिगृहात २१५ विरुद्ध २१४ मतांनी पुढे सरकलं. हजर असलेल्या प्रत्येक डेमोक्रॅटने विरोधात मत दिलं, ठाणेदारांनीही. त्या पक्षाच्या तीन जागा मात्र त्याच वर्षी सदस्यांच्या मृत्यूने रिकाम्या झाल्या होत्या, आणि तिघंही वयाने सत्तरीचे किंवा त्यापुढचे होते. जागा भरलेल्या असत्या तर रिपब्लिकनांनी आणखी दोन-तीन मतं ओढून आणलीही असती, कुणी सांगावं. त्यांचा एक सदस्य तर डुलकी लागल्यामुळे मतदानाला पोहोचलाच नाही, असं सभापतींनीच सांगितलं. वय, प्रकृती, पहाटे जागं राहण्याची ताकद या गोष्टी कुठल्याच पत्रकावर छापत नाहीत. ठाणेदारांचा जन्म १९५५ चा आहे.

जुलैमध्ये त्या विधेयकाचा कायदा झाला आणि रोजगार-आरोग्याची गाठ आणखी आवळली गेली. विस्तारित मेडिकेड घेणाऱ्या धडधाकट प्रौढांनी महिन्याला ऐंशी तास काम, शिक्षण किंवा समाजसेवा केल्याचं सिद्ध करायचं. २०२७ उजाडेपर्यंत राज्यांनी हे लागू करायचं. ऐकायला वावगं वाटत नाही. आमच्या ग्रुपवरही कुणीतरी लिहिलंच : ‘फुकट का द्यायचं? आपण नाही का राबत?’ पण हा प्रयोग आधी झालेला आहे. २०१८ मध्ये आर्कान्सा राज्याने अशीच अट घातली. काही महिन्यांत अठरा हजारांच्या आसपास लोकांचा विमा गेला आणि २०१९ च्या मार्चमध्ये न्यायालयाने ते थांबवलं. रोजगार वाढल्याचं अभ्यासकांना आढळलं नाही. विमा गेलेल्यांत काम करणारे होते, सूट मिळायला पात्र असलेले होते. अनेकांची चूक एवढीच की दर महिन्याची नोंद वेबसाइटवर वेळेत झाली नाही. हयातीचा दाखला द्यायला बँकेत रांग लावलेल्या आजोबांना ज्याने पाहिलं आहे, त्याला हे समजावून सांगायला नको. काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज आहे की या कायद्यामुळे २०३४ पर्यंत विमा नसलेल्यांत एक कोटीची भर पडेल.

रोजगाराच्या चौकटीवर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. केंद्रीय किमान वेतन ताशी सव्वासात डॉलर झालं ते २००९ मध्ये, आणि काँग्रेसने त्यानंतर त्याला हात लावलेला नाही. मिशिगनमध्ये ते २०२५ च्या फेब्रुवारीत १२.४८ डॉलर झालं, पण ते नागरिकांच्या सह्यांची मोहीम आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांमुळे. तेव्हा ‘पंधरा डॉलर वेतनासाठी लढेन’ असं वॉशिंग्टनला निघालेला उमेदवार म्हणतो, तेव्हा मी पत्रक उलटं ठेवतो.

शिक्षणापाशी मात्र थांबावं लागेल, कारण इथे आम्ही नुसते बघे नाही.

डेट्रॉईटमधल्या शाळा गोऱ्या आणि काळ्या मुलांसाठी वेगळ्या ठेवल्या गेल्याबद्दल १९७० मध्ये खटला झाला. तोवर गोरी कुटुंबं शहर सोडून चालली होती, त्यामुळे शहरापुरती मुलं एकत्र करून काही साधणार नव्हतं. म्हणून खालच्या न्यायालयाने शहर आणि उपनगरांतले ५३ शालेय जिल्हे एकत्र गुंफणारी योजना मागितली. २५ जुलै १९७४ ला सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती मोडीत काढली. उपनगरांनी भेदभाव केल्याचा पुरावा नाही, तेव्हा त्यांची हद्द ओलांडायची नाही. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी विरोधी निकालपत्रात इशारा दिला की याने महानगराची दोन शहरं होतील, एक गोरं आणि एक काळं. त्याच्या एक वर्ष आधी टेक्सासच्या एका खटल्यात त्याच न्यायालयाने म्हटलं होतं की शिक्षण हा राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही. दोन निकाल मिळून एट माईल रोडला अदृश्य भिंत उभी राहिली.

आता आमच्या ग्रुपवर वर्षभर सर्वाधिक चालणारा विषय कोणता? राजकारण नाही, गणपतीसुद्धा नाही. ‘स्कूल डिस्ट्रिक्ट कसं आहे?’ भारतातून नवीन आलेलं कुटुंब घर शोधतं तेव्हा स्वयंपाकघर नंतर बघतं, आधी शाळेचं रेटिंग बघतं. आम्हीही तेच केलं. वीस-तीस हजार डॉलर जास्त मोजून रस्त्याच्या योग्य बाजूचं घर घेतलं आणि त्याला ‘मुलांसाठी केलेला त्याग’ म्हटलं. आमच्या घराच्या किमतीत त्या १९७४ च्या निकालाचा वाटा आहे, हे मला इथे दहा वर्षं काढल्यावर कळलं. आम्ही कुणाला शाळेबाहेर ठेवलं नाही. आम्ही येण्याआधीच कुणीतरी दार लावून घेतलं होतं, आम्हाला फक्त आतली बाजू मिळाली.

पलीकडे काय होतं ते २०१६ च्या एका खटल्यातून वाचता येतं. डेट्रॉईटच्या शाळांतल्या विद्यार्थ्यांनीच राज्यावर दावा लावला : वर्गात उंदीर, हिवाळ्यात थंडीने कुडकुडायचं, पुस्तकं पुरेशी नाहीत, शिक्षक नाहीत, आम्हाला वाचायलाच शिकवलेलं नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये केंद्रीय अपील न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने दोन विरुद्ध एक असा निकाल दिला की किमान साक्षर होण्याचा हक्क घटनेत आहे. मे महिन्यात तडजोड झाली आणि लगोलग पूर्ण न्यायालयाने तो निकाल रद्द करून फेरसुनावणी स्वीकारली. हक्क महिनाभरही जगला नाही. तडजोडीतले साडेनऊ कोटींच्या आसपासचे डॉलर मिळायला २०२३ साल उजाडलं.

काँग्रेसचा उमेदवार यात काय करू शकतो? अमेरिकेत शाळांच्या खर्चात केंद्राचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास असतो. तो कमी वाटतो, पण गरीब मुलांच्या शाळांसाठीचा १९६५ पासूनचा निधी त्यातूनच येतो, आणि शाळेत भेदभाव झाला तर तक्रार ऐकणारं नागरी हक्क कार्यालयही केंद्राच्या शिक्षण खात्यात आहे. २०२५ च्या मार्चमध्ये ट्रम्प यांनी ते खातंच गुंडाळण्याचा आदेश काढला. म्हणजे शिक्षणाची चौकट वाचताना ‘उत्तम शाळा’ या शब्दांपाशी न थांबता उमेदवाराला विचारायला हवं, त्या कार्यालयातली माणसं टिकवायला अर्थसंकल्पात तुम्ही कशाच्या बदल्यात काय सोडाल? ठाणेदारांनी २०२५ मध्ये ट्रम्प यांच्यावर महाभियोगाचे आरोप दाखल केले. पक्षातलेच लोक मागे उभे राहिले नाहीत आणि मतदानाचा आग्रह त्यांनी सोडला. हेडलाइन मिळाली. पण त्यांच्या मतदारसंघातल्या एखाद्या शाळेतली वाचन-शिक्षिका टिकली का, हे त्या हेडलाइनवरून कळत नाही.

राहिली शेवटची चौकट. ठाणेदार निवडून आले तेव्हा ज्या शहरात बहुसंख्य लोक काळे आहेत, त्या शहराला जवळजवळ सत्तर वर्षांनी पहिल्यांदा काँग्रेसमध्ये काळा प्रतिनिधी उरला नाही. प्राथमिक फेरीत काळे उमेदवार बरेच होते, मतं वाटली गेली, आणि स्वतःचे कोट्यवधी डॉलर ओतलेले ठाणेदार २८ टक्क्यांच्या आसपास मतांवर पुढे गेले. नियमाने झालं, कुणाला नाव ठेवायचं कारण नाही. पण आमच्या ग्रुपवर पेढ्यांचे फोटो पडत होते तेव्हा पलीकडच्या लोकांना काय हरवल्यासारखं वाटलं असेल, याची एक ओळ कुणी लिहिली नाही, मीही नाही. कॉन्यर्स यांच्या डेट्रॉईटच्या कार्यालयात १९६५ पासून १९८८ पर्यंत रोझा पार्क्स काम करत होत्या. माँटगोमेरीच्या बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागा न सोडणाऱ्या त्याच पार्क्स. नोकरी, घर, रेशन अशा तक्रारी घेऊन येणाऱ्यांना त्या भेटत. त्या शहरात ‘आपला माणूस’ या शब्दाला असा इतिहास आहे. २०२६ च्या फेरीसाठी ठाणेदारांसमोर राज्य विधानसभेतले डोनाव्हन मॅकिनी उभे राहिले आणि सिनेटर बर्नी सँडर्स यांनी त्यांना पाठिंबा दिला, तेव्हा ग्रुपवर सूर निघाला, ‘आपल्या माणसाच्या मागे का लागलेत हे लोक?’ आपला माणूस कुणाचा, हा प्रश्न तिथल्या मतदारांनी विचारायचा की आपण?

नागरी हक्कांचं आपल्याला काय, असं ज्यांना वाटतं त्यांनी आपल्या पासपोर्टवरचा पहिला शिक्का आठवावा. १९६५ पर्यंत या देशात वंशानुसार कोटे होते आणि भारतीयांना वर्षाला शंभरच्या आसपास जागा. ते कोटे मोडणाऱ्या कायद्यावर नाव आहे ते सिनेटर फिलिप हार्ट यांचं, ते मिशिगनचेच. नागरी हक्क कायदा १९६४ चा, मताधिकार कायदा १९६५ च्या ऑगस्टचा, आणि त्याच लाटेवर ऑक्टोबरमध्ये हा स्थलांतराचा कायदा. सेल्मामध्ये काळ्यांच्या मताधिकारासाठी लाठ्या खाणाऱ्यांनी दार ढकललं आणि त्या दारातून पुढे आपले इंजिनियर, डॉक्टर, ठाणेदारही आत आले. तरी २०२३ मध्ये सिएटलने जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली आणि कॅलिफोर्नियात तसं विधेयक आलं, तेव्हा आमच्यातले कित्येक जण ‘इथे जात कुठे आहे?’ म्हणून पत्रं पाठवायला बसले. विधेयक मंजूर झालं, राज्यपालांनी नकाराधिकार वापरला, आणि ग्रुपवर अंगठे उठले. आडनाव वाचून ओळखणं आपल्याला किती सहज जमतं, हे ठाणेदारांच्या निमित्ताने आपणच दाखवून दिलं होतं.

आमच्या मतपत्रिकेवर ठाणेदारांचं नाव नसतं. मॅकिनींचंही नाही. नावं संपली की मागच्या बाजूला बारीक अक्षरात अनेकदा शाळेच्या रोख्यांचा प्रस्ताव असतो. मिशिगनने १९९४ मध्ये शाळांचा रोजचा खर्च घरपट्टीवरून काढून बराचसा विक्रीकरावर टाकला. इमारती, प्रयोगशाळा, पोहण्याचे तलाव यांचा खर्च मात्र अजूनही त्या-त्या हद्दीतल्या घरांच्या किमतीवर उभा राहतो. जिथे घरं महाग, तिथे थोड्या करात तलाव होतो. जिथे स्वस्त, तिथे जास्त करातही छत गळायचं थांबत नाही. त्या प्रस्तावावर ग्रुपमध्ये आठवडाभर चर्चा होते, पी.डी.एफ. फिरतात, मतदान केंद्रावर जायला गाड्या ठरतात. मागच्या वेळी मीही ‘हो’ला खूण केली. तलावाच्या गळतीबद्दल मुलाने सांगितलं होतं.